यमूकाकूंचं नाक

यमूकाकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. लग्न होऊन मी तिवशाहून नुकतीच अमरावतीला आले होते. सासूबाई म्हणाल्या, समोर वकिलांकडे माहेरच्या सांजोऱ्या देऊन ये. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, हातात भरलेला डबा. काकूंनी दार उघडलं, डब्याचं झाकण तिथंच उंबऱ्यात काढलं, नाक खाली नेलं आणि म्हणाल्या, "तेल दुसऱ्यांदा तापलं वाटते. परवा केल्या न? उद्या संध्याकाळपर्यंत खाऊन टाकू. तू कोण वं?"

असा संताप आला मला! माझी आई पहाटे उठून सांजोऱ्या करते काय आणि ही बाई उंबऱ्यात उभी राहून त्यांचा पंचनामा करते काय. घरी येऊन मी चक्क रडले. सासूबाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "घेतल्या न त्याईनं? मंग चांगल्याच हायेत. खराब असत्या तर तुह्यासमोर गाईले टाकल्या असत्या."

हे पन्नास सालानंतरचं. आमच्या गल्लीत तेव्हा फ्रीज कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, आणि माहीत नसेल तर सांगून कळायचं नाही. सकाळचं वरण दुपारी फसफसायचं. अशा गल्लीत यमूकाकूंचं नाक म्हणजे सगळ्यांचा आधार होता. दही आंबट झालं की नासलं, रात्रीची भाजी पोरांना द्यावी की नाही, पाहुण्यांसाठी करून ठेवलेला खवा उद्यापर्यंत टिकेल का, कशाचीही शंका आली की वाटी घेऊन बायका वकिलांच्या दारात. काकू ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा, नऊवारीचा पदर कायम कमरेला. नाक म्हणाल तर साधंच, जरा बसकं. वाटी हातात घेतली की चष्मा कपाळावर जायचा, डोळे मिटायचे, दोनदा आखूड श्वास, आणि निकाल. "खाजो." "दुपारपर्यंतच." "कढी कर याची." नाहीतर नुसतं, "गाईले." पुढे वाद नाही. कुणी म्हटलं, काकू, जरा चाखून तरी पाहा, तर चिडायच्या. "चाखल्यावर कळलं तर काय कळलं वं? पोटात गेलं न ते! अन्न आपल्याले सांगून राहते. आपनच कान देत नाही."

कान की नाक, असं विचारायची माझी हिंमत नव्हती.

वकीलकाकांची मात्र भारी गंमत व्हायची. कोर्टातून यायला उशीर झाला की काकू दारातच सांगायच्या, वांग्याची भाजी सातपर्यंत होती, आता पिठलं टाकते. काका कोट काढता काढता आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "कोर्टात पक्षकाराले तारीख अन् घरी भाजीले तारीख. वकिलाले सुटका नाही बाप्पा." काकू आतून ओरडायच्या, "तुमच्या तारखा पुढं ढकलता येतात. माह्या नाही."

एका लग्नातली हकीकत तर गल्लीत वर्षानुवर्षं चालली. लग्न आमच्या शेजारच्यांच्या मुलीचं, वैशाखातलं. बासुंदीच्या दोन मोठ्या कढया रात्रीच उकळून ठेवलेल्या. सकाळी काकू सहज मागच्या अंगणात गेल्या आणि दोन्ही कढयांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिली ठीक. दुसरीजवळ डोळे मिटले आणि सरळ म्हणाल्या, "ही ओता." मुलीच्या बापाचा चेहरा पडला. तेवढ्यात वरपक्षातले एक जाडजूड मामा पुढे झाले. म्हणाले, "काहून ओता? एका बाईच्या नाकासाठी एवढी बासुंदी मोरीत घालता? आमच्याकडं पाठवा, आमी पाहतो." काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "पाठवा. जानवसघरी लोटे किती हायेत तेवढं ईचारून घ्या मंग." मंगलाष्टकं म्हणायची वेळ आली तेव्हा निम्मे वऱ्हाडी मांडवात नव्हते. मामा तर सप्तपदीपर्यंत दिसले नाहीत. नवरदेव नशिबाचा चांगला, त्याला गोड आवडत नव्हतं म्हणून वाचला. पुढे कितीतरी दिवस गल्लीत कुणी जास्त शहाणपणा करायला लागलं की बायका म्हणायच्या, "पाठवू का बासुंदी?"

इथपर्यंत सांगताना मला हसू येतं. याच्या पुढचं सांगायला जीभ उचलत नाही. पण यमूकाकूंची गोष्ट सांगायची तर तेही सांगितलं पाहिजे.

काकूंना एकच लेक, सुशी. माझ्याहून थोडी लहान, बोलकी, आईच्या शब्दाबाहेर नसलेली. तिला अकोल्याला दिली होती. जावई मधुकरराव जिनिंग प्रेसच्या कचेरीत, शिकलेले, शांत माणूस. सुशी पहिल्या बाळंतपणाला अमरावतीला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नातू सासरचा, पण जोखीम आजीची. त्याला वाढवून, बाळसं आणून, तीट लावून त्याच्या घरी पोचवायचा, तेव्हा कुठे आजीचा जीव मोकळा. मुलगा झाला. काकूंनी गल्लीभर साखर वाटली. मी त्याला रोज मांडीवर घ्यायला जायची. गोरा नव्हता, पण डोळे असे टपोरे की बघत राहावं.

तिसऱ्या महिन्यात सुशीला ताप आला, मोठा ताप, आणि तिचं दूध गेलं. मधुकररावांना कळलं तसे ते अकोल्याहून दुधाच्या भुकटीचे दोन विलायती डबे घेऊन धावत आले. आम्ही असले डबे पहिल्यांदाच पाहत होतो. वर गुटगुटीत गोऱ्या बाळाचं चित्र. मधुकररावांनी डबा उलटा करून बुडाचा ठसा दाखवला. अमुक महिन्याच्या आत वापरावा, असं लिहिलेलं. तो महिना दिवाळीच्याही पुढचा होता आणि आम्ही होतो चैत्रात.

काकूंनी डबा फोडला. चष्मा कपाळावर. डोळे मिटले. मी तिथंच बाळाला घेऊन बसले होते. त्यांनी नेहमीसारखे दोन श्वास घेतले, मग तिसरा घेतला. तिसरा मी कधी पाहिला नव्हता.

"ह्याले जुन्या जवसाच्या तेलाचा वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "हे लेकराले नाही द्यायचं."

मधुकरराव अदबीनं म्हणाले, "आई, भुकटीचा वास असाच असतो म्हणतात. अन् तारीख पाहा न. दिवाळीनंतरची हाय."

"तारीख त्याईनं लिहिली. त्याईनं माहा नातू पाहिला काय?"

"पण आई, कंपनी काही उगीच..."

"मले कंपनी नका सांगू, मधुकरराव."

ते सुशीकडे वळले. सुशी भिंतीला टेकून बसली होती, तापानं वाळलेली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे. म्हणाली, "आई, तू म्हणशील तसं."

फोडलेला डबा काकूंनी मोरीत ओतला. दुसरा, न फोडलेला, फडताळात वर ठेवून दिला. मधुकरराव दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले. काकूंनी गवळ्याला सांगून गाय दारात आणवली. धार डोळ्यांसमोर काढायची, दूध स्वतः हुंगायचं, उकळायचं, पाणी घालून पुन्हा उकळायचं, मग बाटलीत भरायचं. बाळ चांगलं प्यायचं. गालही भरायला लागले होते. काकू माझ्याकडे पाहून म्हणायच्या, "पाहिलं न विमल? हे दूध हाय. याले ठसा लागत नाही."

वैशाख लागला आणि बाळाला हगवण लागली. सकाळी सुरू झाली, मग उलट्या. डॉक्टर आले, औषध दिलं, पाणी पाजत राहा म्हणाले. बाळाच्या अंगातलं सगळं पाणीच जात होतं, आम्ही चमच्यानं काय घालणार? दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन भणभणत असताना, ते गेलं. त्याचे ते डोळे खोल गेलेले होते. मी माझ्या हातांनी मिटले. अजून ते माझ्या बोटांना आठवतं. देवा, कुणावर अशी वेळ आणू नको.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. हात धुताना सहज विचारलं, दूध कोणतं देत होता? काकूंनी सांगितलं. भुकटीचं का नाही दिलं, विचारलं. काकूंनी तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "डब्याची तारीख पुढची होती ना? मग डब्यात काही दोष नसावा." मग स्वतःच घाईनं म्हणाले, बाटलीनंही होतं, पाण्यानंही होतं, माशीनंही होतं, या दिवसांत कशानंही होतं, कुणाला दोष देऊ नका. पण ते पुढचं काकूंनी ऐकलंच नाही. ऐकलं ते एकच वाक्य.

मधुकरराव अकोल्याहून आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ते ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते आत गेले, फडताळातला दुसरा डबा काढला, उलटा केला, बुडाचा ठसा वाचला आणि डबा परत जागेवर ठेवला. बस. काकू चुलीपाशी उभ्या राहून पाहत होत्या.

सुशीला घेऊन निघाले तेव्हा काकूंनी वाटेसाठी दशम्या आणि चटणी बांधून दिली. सुशीनं ती हातात घेतली, आईच्या पाया पडली, टांग्यात बसली. टांगेवाला स्टेशनवरून परत आला तो शिदोरी घेऊनच. "वकीलबाई, तुमची पोरगी इसरून गेली," म्हणाला. विसरली नव्हती. त्याला कळलं नाही, आम्हाला सगळ्यांना कळलं.

त्यानंतर यमूकाकूंनी कशाचाही वास घेतला नाही. पहिल्यांदा मीच वाटी घेऊन गेले होते, मुद्दाम, त्यांना बरं वाटावं म्हणून. दही चांगलं होतं हे मला माहीत होतं. त्या मागे सरकल्या. "मले नको ईचारू विमल. मले काही समजत नाही." आणि मग जे सुरू झालं ते पाहवत नव्हतं. आता काकूंना सगळ्याची तारीख हवी झाली. पीठ केव्हा दळलं? दूध किती वाजता तापवलं? गूळ कोणत्या महिन्याचा? चौकातल्या हलवायाला त्यांनी पेढ्यांची तारीख विचारली तेव्हा तो हसला. म्हणाला, "काकू, पेढ्याले कुठली तारीख? तुमीच हुंगून सांगा न." काकू भर बाजारातून रिकाम्या हातानं परत आल्या. घरात केळी आणली तरी कुठल्या दिवशी उतरवली म्हणून विचारायच्या. सांगता आलं नाही की ती केळी तशीच काळी पडायची. ज्या बाईनं आयुष्यात अन्नाचा कण वाया जाऊ दिला नाही, तिच्या मोरीपाशी गल्लीतली गाय दिवसभर उभी राहायला लागली.

वकीलकाका आधी समजावत, मग चिडत. शेवटी त्यांनी खोटं बोलायला सुरुवात केली. जन्मभर कोर्टात खरंखोटं निवडलेला माणूस, रोज ताटावर बसून सांगायचा, "आजचंच हाय. माह्यासमोर झालं." तेव्हा कुठे काकूंच्या घशाखाली घास उतरायचा. काका होते तोवर असं चाललं. साठ सालानंतर काका गेले. मग काकू दूध आणि भात, तोही डोळ्यांसमोर शिजलेला, यावर राहिल्या. हडकल्या.

तोवर आमची बदली अकोल्याला झाली होती. सुशीचं घर आमच्यापासून फार लांब नव्हतं. तिला नंतर मुलगी झाली होती, मंगल. बाळंतपण सासरीच केलं. अमरावतीला कळवलं, बोलावलं मात्र नाही. काकूंनीही जाते असं म्हटलं नाही. सणावारी सुशी लेकीला घरी ठेवून आईला पाहून यायची, पण सकाळी जेवून जायची आणि संध्याकाळी घरी येऊन जेवायची. मधे पाणीही प्यायची नाही. एकदा मी तिला याबद्दल बोलले, जरा रागावूनच. ती म्हणाली, "ताई, मी आईवर रागावली नाही हो. 'तू म्हणशील तसं' मीच म्हटलं होतं न. तिच्या हातचं तोंडाशी आलं का मले तेच आठवते."

मग एका उन्हाळ्यात माझ्या धाकट्यासाठी मी अकोल्याच्या बाजारातून भुकटीचा डबा आणला. तसाच, विलायती. तारीख पाहून घेतली, चांगली सहा-सात महिने पुढची होती. घरी येऊन झाकण काढलं. जुन्या जवसाच्या तेलाचा वास. आत भुकटी पिवळी पडून तिचे खडे झालेले. मी तशीच तडक दुकानात गेले. दुकानदारानं वादसुद्धा घातला नाही, दुसरा डबा काढून दिला. "होते असं, बाई. पत्र्याखालच्या गुदामात उन्हाळा काढलेला माल हाय. तारीख मारणाऱ्याले अकोल्याचं ऊन कुठं माहीत?" त्याच्यासाठी ती रोजची गोष्ट होती. मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. लोक बघत होते, बघू देत.

तो खराब डबा मी दुकानदाराकडून मागून घेतला, सुशीकडे नेला, तिच्यासमोर उघडला. तिनं भुकटीचा एक खडा बोटांत चुरडला, हुंगला. मग मंगलला फ्रॉक चढवत म्हणाली, "चला. आत्ताच जाऊ आईकडं."

आम्ही तिघी एस.टी.नं अमरावतीला गेलो. संध्याकाळची गाडी धरून परतायचं ठरलं होतं. काकू दारात आल्या, मंगलला पहिल्यांदाच पाहत होत्या. तिच्या गालाला लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मी धीर करून सगळं सांगितलं. दुकान, गोदाम, पिवळी भुकटी, तोच वास. "काकू, तुमचं बरोबर होतं. तो डबा खराबच होता. ती तारीख खोटी होती."

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असन. डबा खराब असन." चष्मा पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "पण पोराले दूध तर मीच देल्लं न, विमल? डबा खराब होता म्हून माहं दूध चांगलं होतं, असं होते काय?"

 येताना एस.टी.त मनाशी इतकं ठरवलं होतं. वाटलं होतं, हे ऐकलं की ही बाई सुटेल. मला रडूही येईना.

तेव्हा सुशी उठली. आईच्या समोर जाऊन खाली मांडी घालून बसली, मंगलला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आई, आमाले भूक लागली. जेवाले वाढ."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत सुशीनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या उठल्या, चूल पेटवली. तांदूळ तीनदा धुतले, डाळ निवडून निवडून घेतली. हात भरभर चालत होते. मी मदतीला उठले तर नको म्हणाल्या. वरणभाताचा वास घरभर सुटला, वर लोणकढं तूप. त्या घरात किती वर्षांनी असा वास आला असेल. मंगल टाळ्या वाजवायला लागली. काकूंनी मायलेकींना ताटं वाढली, सुशीनं पहिला घास कालवला आणि लेकीच्या तोंडाशी नेला.

काकूंनी तिचं मनगट धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "पयले मी खाते."

त्यांनी त्याच ताटातला घास घेतला, खाल्ला. आणखी एक खाल्ला. मग दोन्ही ताटांवर ताटं झाकली. "थोडा वेळ बसा. मले काही होते का ते पाहू दे. मंग खा."

"आई, अगं, आत्ता तर केलं तू. आमच्यासमोर."

"तेव्हाही समोरच केलं होतं, सुशे."

सुशीनं हातातला घास ताटात ठेवला. मंगल रडायला लागली, भूक लागली म्हणून आजीचा पदर ओढायला लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं, पहिल्यांदाच, आणि थोपटत राहिल्या. "अजून थोडसं, माय. अजून थोडसं." अर्धा तास गेला, तास गेला. मी म्हटलं, काकू, तुम्ही ठणठणीत आहात, लेकरू कळवळतंय, आता द्या तिला. त्या मान हलवत राहिल्या. "त्याले दुसऱ्या दिवशी झालं होतं, विमल. असं लगेच कळत नाही."

ऊन उतरायला लागलं. माझ्या घरी लहान मूल होतं, मला गाडी चुकवून चालणार नव्हतं. सुशी म्हणाली, "तुमी जा, ताई. मी थांबते. उद्यापर्यंत थांबते."

मी चपला घालून मागे वळून पाहिलं. मंगल रडून रडून आजीच्या मांडीवर उपाशीच झोपली होती. समोर झाकलेली ताटं. सुशी त्यांच्यासमोर हात धुऊन बसलेली, आणि यमूकाकू एक हात नातीच्या पाठीवर आणि एक हात स्वतःच्या पोटावर ठेवून वाट पाहत होत्या.